जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला व्हिडिओ मॉनिटर जोडताना: आधी काय, नंतर काय

१६ मिमीचा जुना कॅमेरा हाती आला की थोड्याच दिवसांत प्रश्न पडतो: व्ह्यूफाइंडरमधले चित्र मॉनिटरवर कसे घ्यायचे? बहुतेक जण एक छोटे कॅमेरा मॉड्यूल आणतात आणि काळ्या टेपने आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, चिकटवतात. मॉनिटरवर मधोमध नाण्याएवढे चित्र दिसते, भोवती काळोख, आणि कॅमेरा सुरू केला की त्यावरून काळे पट्टे धावू लागतात. मग याहून महागडे मॉड्यूल येते. पट्टे तसेच राहतात, फक्त आता ते जास्त स्पष्ट दिसतात.

इथे पैशाने काही सुटत नाही. दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात. छोटा कॅमेरा नेमका तिथे बसला पाहिजे जिथे तुमच्या डोळ्याची बाहुली असते, आणि त्याचे शटर फिल्म कॅमेऱ्याच्या वेगाशी जुळले पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठी आहेत. क्रम मोडला तर कोणती चूक कुठे झाली ते नंतर कळत नाही.

## १. व्ह्यूफाइंडर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

कॅमेऱ्यात फिल्म घालू नका. आयपीसला डोळा लावा आणि समोरच्या भिंगावर हात ठेवा. चित्र काळे झाले तर व्ह्यूफाइंडर रिफ्लेक्स आहे, म्हणजे तुम्ही भिंगातूनच पाहता आहात. काळे झाले नाही तर व्ह्यूफाइंडर स्वतंत्र आहे. त्याला व्हिडिओ जोडून फोकस कळणार नाही आणि जवळच्या वस्तूंची चौकटही चुकेल. अशा कॅमेऱ्यावर एक छोटा व्हिडिओ कॅमेरा वरून बसवा आणि हा लेख इथेच सोडा.

रिफ्लेक्स असेल तर आता कॅमेरा रिकामाच चालवून आयपीसमधून पाहा. चित्र लुकलुकत असेल तर शटरवर आरसा आहे. क्रास्नोगोर्स्क-३, आरीफ्लेक्स १६ एस आणि आरीफ्लेक्स ३५ टूसी या घराण्यातले. चित्र स्थिर राहत असेल तर भिंगामागे प्रिझम आहे आणि तो थोडा उजेड कायमचा व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. बोलेक्स एच १६ रिफ्लेक्स असा आहे.

हा फरक लिहून ठेवा. प्रिझमवाल्यांचा शटरचा त्रास जवळजवळ संपला, त्यांची अडचण मंद चित्राची. आरसावाल्यांना सातवी पायरी नीट वाचावी लागेल.

> तपासणी: आरसावाला कॅमेरा थांबवल्यावर कधी कधी व्ह्यूफाइंडर पूर्ण काळा होतो. काही बिघडलेले नसते, आरसा उजेडाच्या वाटेतून बाजूला थांबलेला असतो. कॅमेऱ्याला हाताने शटर फिरवायची खुंटी असेल तर ती हळूच फिरवा, नसेल तर क्षणभर चालवून पुन्हा थांबवा.

## २. काच साफ आहे का?

मुंबईत दोन पावसाळे कपाटात काढलेल्या कॅमेऱ्याच्या आयपीसमध्ये बुरशी असतेच असे नाही, पण नसेल असे गृहीत धरू नका. भिंग काढा, आयपीसमधून टॉर्चचा तिरका झोत टाका आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर आधी दुरुस्ती, मग जोडणी. डोळा असले धागे नजरेआड करतो, पण व्हिडिओ कॅमेरा करत नाही. मॉनिटरवर ते धुक्यासारखे पसरतात आणि मग लोक मॉड्यूलला दोष देतात.

बाहेरची काच ब्लोअरने आणि लेन्स टिश्यूने पुसा. आतली ग्राउंड ग्लास, म्हणजे जिच्यावर व्ह्यूफाइंडरचे चित्र पडते ती दुधी काच, स्वतः पुसायला जाऊ नका. तिच्या खरबरीत बाजूला बोट लागले तर तेलाचा डाग राहतो, आणि ती केसभर जरी सरकली तरी फोकस कायमचा खोटा होतो.

## ३. दोन मापे घ्या

खरेदी यानंतर. ही मापे न घेता मॉड्यूल आणणे हेच सगळ्या खर्चाचे मूळ.

पहिले माप, डोळ्याची जागा. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडा आणि कॅमेरा उजळ आभाळाकडे धरा. सूर्याकडे चुकूनही नको. आयपीसमागे ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरून पुढे-मागे सरकवा. कागदावर उजेडाचे वर्तुळ पडेल. कडा थोड्या मऊ असतील, पण एका अंतरावर ते सगळ्यात लहान होईल. आयपीसच्या काचेपासून तिथपर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजा. छोट्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे तोंड याच जागी यायला हवे. ते मागे राहिले की चित्राचे कोपरे काळे पडतात आणि मधोमध ते नाणे उरते.

दुसरे माप, चित्राचा कोन. भिंतीपासून डोळा बरोबर १ मीटरवर राहील असे उभे राहा. एक डोळा आयपीसला लावा, दुसरा उघडा ठेवून भिंतीकडे पाहा. काही क्षणांत व्ह्यूफाइंडरची चौकट भिंतीवर तरंगताना दिसेल. डाव्या-उजव्या कडा जिथे पडतात तिथे कुणाला तरी मास्किंग टेप लावायला सांगा आणि मधले अंतर मोजा. घरातले हसतील, हसू द्या.

आता हिशोब. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला १०० ने गुणा आणि भिंतीवरच्या सेंटिमीटरने भागा. येईल ते काठोकाठ चित्र भरणारे फोकल लेंथ, म्हणजे छोट्या कॅमेऱ्याच्या भिंगावर मिमीमध्ये लिहिलेला आकडा. समजा सेन्सर ६.३ मिमी रुंद आहे आणि भिंतीवर ४५ सेंमी आले, तर उत्तर १४ मिमी. पण काठोकाठ नको, चौकटीबाहेर थोडी जागा हवी, म्हणजे मॉड्यूल आयपीसवर धरणारा अडॅप्टर जरासा वाकडा बसला तरी चित्र कापले जात नाही. म्हणून आलेल्या आकड्याच्या ८० ते ८५ टक्के धरा. इथे १२ मिमीचे भिंग चपखल. सेन्सर लहान असेल तर भिंगही त्या प्रमाणात लहान लागेल.

## ४. कॅमेरा निवडताना एकच अट

शटरची वेळ हाताने ठरवता आणि तिथेच बांधून ठेवता आली पाहिजे. किती मेगापिक्सेल, फोरके की नाही, याला इथे काडीचाही अर्थ नाही. ग्राउंड ग्लासच्या कणांपलीकडे बारकावा मिळणारच नसतो.

ड्रोनवर लावतात ते छोटे ॲनालॉग कॅमेरे हलके असतात आणि चित्र लगेच दाखवतात. बोलेक्ससारख्या प्रिझमवाल्यांना ते चांगले. पण त्यांतल्या पुष्कळांत शटर आपोआप बदलते. आरसावाला कॅमेरा असेल तर विकत घेण्याआधी मेनूत शटर हाताने लावायची सोय आहे का ते दुकानातच पाहा. रास्पबेरी पायच्या हाय क्वालिटी कॅमेऱ्यात शटर मायक्रोसेकंदांपर्यंत ठरवता येते आणि सेन्सरची रुंदी वरच्या उदाहरणातली, साधारण ६.३ मिमी आहे. त्याचा तोटा म्हणजे चित्र किंचित उशिरा येते. चौकट पाहायला चालते. पण मॉनिटरकडे बघत धावत्या माणसामागे पॅन करायला गेलात तर माणूस पुढे आणि तुम्ही मागे.

सामान मुंबईत एका दिवसात होते. मॉड्यूल, केबल, कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर, आणि स्क्रू, ॲलन की, टॅप-डाय नागदेवी स्ट्रीटला. लॅमिंग्टन रोडला जाताना मापांचा कागद आणि शक्य असेल तर कॅमेराही सोबत न्या. 'हाच लागेल, साहेब' या आश्वासनावर भिंग घेऊ नका, आयपीसला लावून बघा.

## ५. अडॅप्टर

आयपीसच्या नळीचा बाहेरचा व्यास तीन ठिकाणी मोजा. जुन्या नळ्या अगदी गोल नसतात. रबरी आयकप काढल्यावर आटे दिसले तर त्यांत अंदाजाने काही पिळू नका. आटे मेट्रिक असतीलच असे नाही आणि एकदा खराब झाले की पुन्हा मिळत नाहीत. माझे मत स्पष्ट आहे: आट्यांच्या नादाला लागायचेच नाही. बाहेरून बसणारी, एका बाजूला फट असलेली आणि एका स्क्रूने आवळली जाणारी पट्टी करा. आत पातळ फेल्ट लावा. ग्रब स्क्रू थेट नळीवर टेकवला तर तो नळीत खड्डा पाडतो.

लेथवाल्याकडे जाताना कागदावर आकृती काढून न्या आणि मापे मिलिमीटरमध्ये लिहा. ॲल्युमिनियम उत्तम. थ्रीडी प्रिंट करत असाल तर पीएलए प्लास्टिक टाळा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढी उष्णता सहज होते. पीईटीजी घ्या. आतून मॅट काळा रंग द्या किंवा काळा मखमली कागद चिकटवा. चकचकीत राहिले तर चित्रावर राखाडी पडदा येतो.

अडॅप्टरमध्ये मॉड्यूल पुढे-मागे सरकवायला ५ मिमी तरी मोकळीक ठेवा. तिसऱ्या पायरीतले माप तुम्हाला जवळ नेते, शेवटचा मिलिमीटर मॉनिटरवर चारही कोपरे उजळेपर्यंत हातानेच शोधावा लागतो.

सगळा बोजा आयपीसवर टांगू नका. मॉड्यूलपेक्षा जड काही असेल तर कॅमेऱ्याच्या तळाच्या स्क्रूवरून पट्टी आणून आधार द्या. आरीफ्लेक्स चालताना थरथरतो आणि त्या थरथरीने सैल भिंग गुपचूप फिरते.

डोळ्यानेही पाहायचे आणि मॉनिटरवरही, असे हवे असेल तर मध्ये अर्धपारदर्शक काच लागते. मग उजेड दोघांत वाटला जातो, वळवलेल्या वाटेवरचे चित्र डावे-उजवे उलटे होते, आणि डोळा व मॉड्यूल दोघांची अंतरे नव्याने जुळवावी लागतात. पहिल्या प्रयत्नात हे करू नका. आयपीसवर बसणारा साधा अडॅप्टर आधी जमू द्या.

## ६. फोकस: तीन कड्या, एकच क्रम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आता तुमच्याकडे फोकसच्या तीन जागा आहेत: छोट्या कॅमेऱ्याचे भिंग, आयपीसची डायॉप्टर कडी (डोळ्याच्या नंबराप्रमाणे आयपीस जुळवणारी) आणि मुख्य भिंग. लोक समोर मित्राला उभे करतात आणि तिन्ही कड्या आळीपाळीने फिरवतात, मॉनिटरवर मित्र स्पष्ट दिसेपर्यंत. तो दिसतोही. फिल्म धुऊन आल्यावर मित्र धूसर आणि मागची भिंत स्वच्छ.

ग्राउंड ग्लासवर चित्र नेमके पडले नसतानाही छोटा कॅमेरा काचेच्या थोडे पुढचे-मागचे चित्र पकडू शकतो, हे त्याचे कारण. म्हणून तिन्ही कड्या एकमेकींपासून वेगळ्या करायच्या.

अ. छोटा कॅमेरा आयपीसवरून काढा. गच्चीवर जाऊन दूरच्या टॉवरवरची क्रेन किंवा पाण्याची टाकी मॉनिटरवर स्पष्ट करा. आयपीसमधून बाहेर येणारा उजेड डोळ्याला दुरून आल्यासारखा लागतो, म्हणून मॉड्यूलनेही दूर पाहिले पाहिजे. लॉक रिंग घट्ट करा. ही कडी आता विसरा.

आ. मॉड्यूल बसवा. मुख्य भिंग पूर्ण धूसर करा किंवा काढूनच टाका आणि कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे वळवा. आता मॉनिटरवर पाहत डायॉप्टर फिरवा, जोपर्यंत ग्राउंड ग्लासचे कण किंवा तिच्यावर कोरलेल्या रेघा टोकदार दिसत नाहीत. समोरचे दृश्य नाही, काच. तिथेच कडीवर टेप लावा. तुम्हाला चष्मा असेल तर तुमच्या डोळ्यासाठीची खूण वेगळी असेल, दोन्ही खुणा वेगळ्या रंगांत करा.

इ. आता मुख्य भिंग. कॅमेऱ्याच्या अंगावर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते, ती फिल्मची जागा. तिथून टेपने बरोबर २ मीटर मोजून छापील अक्षरांचा कागद लावा. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे, झूम असेल तर सगळ्यात लांब. मॉनिटरवर अक्षरे टोकदार होतील तेव्हा भिंगावरचा आकडा २ मीटर दाखवायला हवा.

> सावधान: आकडा जुळला नाही तर अ आणि आ पुन्हा तपासा. तरीही जुळत नसेल तर दोष भिंगाच्या बैठकीत किंवा ग्राउंड ग्लासमध्ये आहे. मॉड्यूल हलवून तो झाकू नका.

मॉनिटरवरचे फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगवून दाखवायची सोय) बंद ठेवा. ते ग्राउंड ग्लासच्या कणांनाच कडा समजते आणि सगळा पडदा रंगवून टाकते.

## ७. पट्टे आणि लुकलुक: शटर बांधून ठेवा

आरसावाल्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरला उजेड सतत मिळत नाही. शटर उघडे असते तेव्हा उजेड फिल्मकडे जातो, बंद असते तेव्हा आरशावरून तुमच्याकडे येतो. क्रास्नोगोर्स्क-३ चे शटर १५० अंशांचे आहे, म्हणजे प्रत्येक फेरीत २१० अंश तुमच्या वाट्याला आणि १५० अंश काळोख. सेकंदाला २४ वेळा.

छोट्या कॅमेऱ्याचे शटर आपोआप चालत असेल तर दुपारच्या उन्हात ते १/५०० सेकंदावर जाते. सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, मग काही ओळी उजेडात सापडतात, काही काळोखात. हेच ते पट्टे. मॉड्यूल महाग केल्याने ते जात नाहीत ते यामुळे.

उपाय साधा आहे. छोट्या कॅमेऱ्याचा एक्स्पोजर फिल्म कॅमेऱ्याच्या एका पूर्ण फेरीएवढा ठेवा. मग प्रत्येक ओळ कुठूनही सुरू झाली तरी एक पूर्ण उजेड आणि एक पूर्ण काळोख गोळा करते, बेरीज सारखीच येते.

* फिल्म २५ फ्रेमवर चालत असेल तर १/२५ सेकंद, म्हणजे ४०,००० मायक्रोसेकंद.
* २४ वर असेल तर १/२४, म्हणजे साधारण ४१,७०० मायक्रोसेकंद. इथे व्हिडिओचा वेग २५ ठेवला तर एवढा एक्स्पोजर त्यात बसत नाही. व्हिडिओ २० फ्रेमवर आणा. हालचाल जरा तुटक दिसेल, पट्टे जातील.

क्रिस्टल मोटर (स्फटिकाने वेग बांधलेली) नसलेले कॅमेरे वेग तंतोतंत धरत नाहीत, चावीवाले तर नाहीतच. पण २४ ऐवजी २३ झाले तरी उजेड फार तर सात-आठ टक्क्यांनी हलतो. डोळ्याला तो हलका श्वास वाटतो, पट्टा नाही. स्प्रिंग संपत आल्यावर लुकलुक वाढू लागली तर ती उपयोगाची सूचना समजा: चावी भरायची वेळ झाली. फ्रेमचा वेग ३२ किंवा ४८ केला तर मात्र एक्स्पोजर नव्याने लावा.

शटर बांधले, पण गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवायची सोय) मोकळा सोडा. भिंगाचे छिद्र एफ १.९ वरून एफ ११ वर नेले की व्ह्यूफाइंडरमधला उजेड साधारण ३३ पटींनी कमी होतो. तेवढी तफावत गेनने भरायची. मरीन ड्राइव्हच्या उन्हात गेन शून्यावर येऊनही चित्र पांढरे पडत असेल तर मॉड्यूलच्या भिंगापुढे एनडी जेलचा, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या राखाडी पारदर्शक कागदाचा, छोटा तुकडा कापून लावा. शटर कमी करायचा मोह नको, पट्टे परत येतील.

अर्थात या चित्रावरून फिल्मचा एक्स्पोजर ठरवायचा नाही. त्यासाठी लाइट मीटर.

## ८. वीज

फिल्म कॅमेऱ्याच्या मोटरची बॅटरी व्हिडिओसाठी वापरू नका. आरीफ्लेक्स १६ एसच्या नेहमीच्या मोटरला ८ व्होल्ट लागतात, मॉड्यूलला बहुधा ५. शिवाय जुन्या मोटरचे ब्रश विजेत खरखर सोडतात आणि ती मॉनिटरवर दिसते. जुन्या केबलची प्लस-मायनसची जोडणी कुणी कधी बदलली असेल सांगता येत नाही, म्हणून कुठलीही जुनी वायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावा.

मॉड्यूलला वेगळी पॉवर बँक पुरते. फक्त फार कमी करंट ओढणारे मॉड्यूल असेल तर काही पॉवर बँका 'काही जोडलेलेच नाही' असे समजून बंद पडतात. घरी अर्धा तास चालवून पाहा. पॉवर बँक ट्रायपॉडच्या पायाला बांधा, आणि केबल अडॅप्टरजवळ एकदा तरी कॅमेऱ्याच्या अंगाला बांधा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तर झटका आयपीसला बसणार नाही.

## ९. उलट्या दिशेने उजेड

जी वाट चित्र बाहेर आणते, त्याच वाटेने उजेड आत जाऊन फिल्म खराब करू शकतो. प्रिझमवाल्यांना हा धोका जास्त. डोळा लावलेला असतो तेव्हा आपले डोकेच झाकणाचे काम करते. आता ते काम अडॅप्टरचे.

रात्री खोलीतले दिवे बंद करा. फिल्म नाही, भिंग काढलेले, कॅमेरा चालू. एकाने अडॅप्टरच्या सांध्यांवर, फटीवर, केबलच्या छिद्रावर टॉर्च फिरवायचा, दुसऱ्याने समोरून फिल्मच्या खिडकीकडे पाहायचे. लुकलुकता उजेड दिसला तर ती जागा काळ्या फेल्टने बंद करा. मॉड्यूलवर चालू असल्याचा लाल दिवा असेल तर त्यावर काळ्या टेपचे दोन थर द्या.

## १०. चौकट फिल्मवर तपासा

व्ह्यूफाइंडर दाखवतो तेवढेच फिल्मवर उतरते असे समजू नका. भिंतीवर मोठा कागद लावा आणि कडेपासून मधल्या बाजूला दर ५ सेंमीवर आकडे घातलेल्या चौकटी काढा. कॅमेरा ट्रायपॉडवर, कागदाशी समोरासमोर. मॉनिटरवर चारही बाजूंना कोणते आकडे दिसतात ते लिहा, मॉनिटरचा फोटो काढून ठेवा. मग दहा-बारा फूट फिल्म चालवा. १०० फुटांचे रीळ २४ फ्रेमवर पावणेतीन मिनिटे चालते, त्यातली वीस सेकंद या कामाला देणे महाग नाही. त्याच तुकड्यावर २ मीटरची फोकसची चाचणीही उरकून घ्या, छिद्र पूर्ण उघडे ठेवून.

फिल्म धुऊन आली की तिच्यावरचे आकडे कागदावरच्या नोंदीशी ताडून पाहा आणि मॉनिटरच्या काचेवर पातळ टेपने खरी चौकट आखा. साध्या १६ मिमीचे प्रमाण १.३७ आहे. मॉनिटर रुंद असल्याने दोन्ही बाजूंना जागा उरेल, ती ताणून भरू नका.

टेपची चौकट त्या बैठकीपुरतीच खरी असते. अडॅप्टर काढून पुन्हा बसवला की कागदासमोर उभे राहून आकडे पुन्हा पाहा. त्यासाठी फिल्म लागत नाही, मॉनिटरचा जुना फोटो पुरतो. काम संपल्यावर अडॅप्टर आयपीसवर ठेवून बॅग बंद करू नका, मधल्या फटीत दमट हवा अडकते. तो काढा, दोन्ही काचांवर झाकणे लावा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात त्या दर काही दिवसांनी बदला.